स्थानकापर्यंतची वाट

प्रस्तावना

रेल्वेचा प्रवास गाडीत बसल्यावर सुरू होतो, अशी आपली समजूत असते. खरे पाहता तो घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो. ही वाट कशी असावी आणि ती आखताना कोणाचे म्हणणे ऐकावे, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

छत्तीसगडमधील रायपूरची चौबे कॉलोनी तेथील महाराष्ट्र मंडळामुळे मराठी माणसाच्या परिचयाची आहे. रायपूर जंक्शन सोडून गाडी दुर्गच्या दिशेने निघाली, की सरस्वतीनगर हे छोटे स्थानक लागते. चौबे कॉलोनीच्या परिसराला ते जवळचे आहे. भिलाई-दुर्गकडे नोकरीसाठी वा शिक्षणासाठी जाणाऱ्यांना अशा स्थानकाचा मोठा आधार असतो. परंतु केवळ गाडी थांबल्याने स्थानक उपयोगी पडत नाही. तेथवर निर्धोकपणे चालत जाता यावे, वाटेवर रात्री दिवे असावेत आणि रूळ न ओलांडता पलीकडे जाता यावे, हेही तितकेच आवश्यक असते.

या गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, हे मुंबईतील एका दुर्घटनेने दाखवून दिले. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके एका पादचारी पुलाने जोडलेली होती. एके काळी हा भाग गिरणगावाचा होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे त्यांच्या जागी उंच कार्यालये उभी राहिली आणि तेथे येणाऱ्या नोकरदारांची संख्या वाढत गेली. पुलाचा जिना मात्र अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी अचानक पाऊस आला, लोक पुलावर थबकले आणि मागून गर्दीचा लोंढा येतच राहिला. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराच्या मदतीने तेथे उभारलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. जे काम पाच महिन्यांत होऊ शकले, ते आधी व्हायला हवे होते, ही खंत उरलीच.

असे का घडते? फलाट रेल्वेचा, बाहेरचा रस्ता महापालिकेचा आणि बस परिवहन उपक्रमाची. प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरता विचार करतो. प्रवाशाची वाट मात्र अखंड असते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ च्या अहवालात नमूद केले, की रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. याला केवळ बेशिस्त म्हणून चालणार नाही. पुलासाठी लांबचा वळसा पडत असेल, तर थकलेला माणूस जवळची वाट शोधणारच.

हद्दी ओलांडून विचार केला तर मार्ग निघतो. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस २००९ मध्ये ‘सॅटिस’ हा उन्नत मार्ग सुरू झाला. वर बस, खाली इतर वाहने आणि पादचाऱ्याला पुलावरून थेट बसथांब्याकडे जाण्याची सोय, अशी त्याची रचना आहे. दिव्यांग व्यक्तींना रेल्वेस्थानकात अडथळ्यांविना वावरता यावे, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही आहे.

तरीही नकाशावर सारेच दिसत नाही. कोणत्या वळणावर पाणी साचते, कोणती पायरी वृद्धांना अवघड जाते, कोठे मुलींना अंधारात भीती वाटते, हे रोज चालणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणूनच आराखडा पक्का होण्यापूर्वी स्थानिकांना विचारणे हा उपचार नसून नियोजनाचा पाया आहे.

शब्दार्थ

निर्धोकपणे – धोक्याशिवाय
उन्नत मार्ग – जमिनीपासून उंचावर बांधलेला रस्ता
उपचार – केवळ रीत म्हणून केलेली गोष्ट

स्वाध्याय

१. परळ-एल्फिन्स्टन रोड येथील दुर्घटनेमागची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘प्रवाशाची वाट मात्र अखंड असते’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या घरापासून जवळच्या स्थानकापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत चालत जा. वाटेतील अडचणींची नोंद करून संबंधित अधिकाऱ्यांना विनंतीपत्र लिहा.