आधी फेक सुधारा, मग सर्व्हिस

टेनिस शिकायला आलेल्या माणसाला प्रशिक्षक हमखास सांगतात, ‘सर्व्हिस म्हणजे वेगळं काही नाही. चेंडू फेकायचा तसाच हात.’ हे खरं आहे. पण अर्धंच सांगितलं तर खांद्याचं नुकसान होतं. माझं झालं, आणि ते टळण्यासारखं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याचा. नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि चाळिशीच्या आसपास टेनिस शिकू लागलो. फोरहँड, बॅकहँड हळूहळू जमले, सर्व्हिस मात्र जमेना. पहिली जाळ्यात जायची, दुसरी कशीबशी पलीकडे ढकललेली असायची. प्रशिक्षकांनी दोष बरोबर ओळखला. ‘तुम्ही चेंडू मारत नाही, ढकलता. रोज भरपूर चेंडू फेका, जोरात फेका,’ असं त्यांनी सांगितलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी होतो. समोर आंजर्ल्याची लांबरुंद पुळण आणि हाताशी क्रिकेटचा कातडी चेंडू. सांगितल्याप्रमाणे सुरूच्या बनासमोरच्या कोरड्या वाळूत उभा राहून रोज फेकत राहिलो. सुट्टी संपायच्या आत शर्टाची बाही चढवताना खांद्यात कळ येऊ लागली. पुढे उजव्या कुशीवर झोपणंही अशक्य झालं. पुण्यात हाडांच्या डॉक्टरांनी निदान केलं, खांद्याभोवतीच्या रोटेटर कफला इजा. रॅकेट बरेच महिने कपाटात राहिली.

बरं होत आल्यावर फिजिओथेरपिस्टने मला हलक्या हाताने चेंडू फेकायला लावला आणि तिथेच सगळं उलगडलं. माझी छाती सुरुवातीपासून समोर, कोपर खांद्याच्या खूप खाली, पाय जागच्या जागी. फेकीचा सगळा भार एकट्या हातावर होता. ‘फेका’ असं सांगणाऱ्याने मी फेकतो कसा, हे कधी पाहिलंच नव्हतं.

फेक आणि सर्व्हिस यांचं नातं

माणूस फेकतो तसं दुसरं कोणतंच जनावर फेकत नाही. 2013 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत नील रोच, डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचं कारण मांडलं. फेकताना धड पुढे वळतं, हात मागे राहतो आणि खांद्याभोवतीचे स्नायूबंध ताणले जाऊन ऊर्जा साठवतात. मग ती एकदम सुटते आणि दंड स्वतःभोवती आत फिरतो. ही शरीररचना सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीच्या मानवी पूर्वजांत एकत्र आली, असं त्यांचं म्हणणं आहे. टेनिसच्या सर्व्हिसचा वेगही याच फिरण्यातून येतो. रॅकेटमुळे हात लांब होतो, मूळ हालचाल बदलत नाही.

म्हणूनच ज्याची फेक कच्ची, त्याची सर्व्हिस ढकललेली राहते. नुसत्या सर्व्हिसचा सराव वाढवून हा दोष जात नाही, तो अंगात मुरतो.

या नात्यातला एक फरक मात्र फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो. क्षेत्ररक्षक यष्टीकडे चेंडू फेकतो ती फेक सपाट असते. सर्व्हिसमधली फेक वरच्या दिशेने असते. का, ते आकड्यांवरून कळतं. बेसलाइनपासून जाळं 11.885 मीटरवर असतं आणि सर्व्हिस लाइन जाळ्यापलीकडे 6.40 मीटरवर. मध्यावर जाळ्याची उंची 0.914 मीटर. अगदी सरळ रेषेत मारलेला चेंडू जाळं ओलांडून सर्व्हिस लाइनच्या आत पडायचा असेल, तर तो सुमारे 2.6 मीटर उंचीवर मारावा लागतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची रॅकेट हात ताणूनही जेमतेम अडीच मीटरपर्यंत पोहोचते. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण आणि चेंडूची फिरकी करतात. म्हणून रॅकेट चेंडूपर्यंत खालून वर जायला हवी. चेंडू वरून खाली दाबायला गेलात की तो जाळ्यात जाणारच.

2019 च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाला. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले आणि अँडरसन जिंकला. कार्लोविच तेव्हा 39 वर्षांचा होता, उंची 211 सेंटिमीटर. अँडरसनही दोन मीटरहून उंच. अशा सर्व्हिस पाहून हौशी खेळाडू खाली दाबायला शिकतात. त्या उंचीवरून चेंडू खाली येताना दिसतो, म्हणून ही फसगत होते. आपली उंची ती नाही. आपल्याला वर फेकायलाच शिकावं लागतं.

आंजर्ल्यातल्या मुलांना हे न शिकवता येतं. उंच झाडावरच्या कैरीला नेम धरून दगड भिरकावणारा मुलगा पाहा. डावा खांदा वर, उजवा खाली, कंबर किंचित पुढे, वजन आधी मागच्या पायावर आणि मग पुढे. सर्व्हिसच्या आधीची ठेवण हीच. विकेटकीपरकडे फेकताना तोच मुलगा असा झुकत नाही. तेव्हा सराव करायचा तो उंच लक्ष्याकडे फेकण्याचा. आंब्याच्या बागेत दगड मारायला मात्र मी कुणाला सांगणार नाही. मालकाचं नुकसान होतं आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यात दगड पडतो. त्यासाठी जुना टेनिस चेंडू पुरे.

फेक कशी दुरुस्त करावी

पहिलं काम पायांचं. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवून लक्ष्याकडे आडवं उभं राहावं. वजन मागे घ्यावं, मग पुढे. आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. सर्व्हिसमधली निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाय आणि धडाकडून येते, असं क्रीडावैद्यकातले अभ्यास सांगतात. एकदा गुडघ्यांवर बसून चेंडू फेकून पाहा आणि मग उभं राहून. दोन्ही फेकींच्या अंतरात फारसा फरक पडला नाही, तर तुमचे पाय कामच करत नाहीत असं समजा.

दुसरं कोपराचं. फेक सुटताना दंड दोन्ही खांद्यांना जोडणाऱ्या रेषेत असावा. कोपर त्या रेषेच्या फार खाली गेलं की ढकलणं सुरू होतं आणि खांदा व कोपर दोन्हींवर ताण येतो. मग सर्व्हिसमध्ये हात एवढा उंच कसा जातो? धड डावीकडे कलतं म्हणून. खांद्यांची रेषाच तिरकी होते आणि तिच्याबरोबर हात वर जातो. धड न कलवता नुसता दंड कानाजवळ उभा करणं, हे खांद्याच्या दुखण्याचं एक मोठं कारण आहे. कोर्टावर हौशी खेळाडूंमध्ये मला हाच दोष सर्वाधिक दिसतो.

तिसरं तळहाताचं. फेक पूर्ण झाल्यावर तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला आणि अंगठा खाली असायला हवा. हे जाणूनबुजून पिरगळायचं नसतं, हात मोकळा असेल तर आपोआप होतं.

चौथं, हात मध्येच थांबवू नये. चेंडू सुटल्यावर हाताचा वेग आवरण्याचं काम खांद्यामागचे स्नायू करतात आणि तिथे त्यांची मोठी परीक्षा होते. हात अंगावरून पलीकडे वाहू द्यावा, मागचा पाय पुढे येऊ द्यावा.

आता चेंडूविषयी. टेनिसचा चेंडू 56 ते 59.4 ग्रॅमचा असतो, क्रिकेटचा 155.9 ते 163 ग्रॅमचा. म्हणजे जवळपास पावणेतीन पट जड. फेक दुरुस्त होईपर्यंत जड चेंडूला हात लावू नये. जागेविषयीही तेच. भुसभुशीत वाळूत पाय रुततो, जमिनीचा रेटा मिळत नाही आणि ती तूट खांदा भरून काढतो. माझ्या दुखण्यात याचा मोठा वाटा होता. पुळणीवर सराव करायचाच तर ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर करावा.

फेकीकडून रॅकेटकडे

फेक सुधारली की लगेच पूर्ण सर्व्हिस मारू नका, मधल्या पायऱ्या घ्या. आधी बेसलाइनवर उभं राहून चेंडू हाताने जाळ्यावरून उंच, पलीकडच्या बेसलाइनच्या दिशेने फेका. मग सर्व्हिस लाइनवरून, हात डोक्यामागे तयार ठेवून, अर्ध्या हालचालीची सर्व्हिस करा. जुनी, मोडकी रॅकेट रिकाम्या पुळणीवर वर-पुढे फेकण्याचाही चांगला उपयोग होतो. ती खाली आपटली की कळतं, अजून आपण दाबतो आहोत. पुढे कुणी नाही याची खात्री मात्र आधी करा.

पकड काँटिनेंटलच हवी. कोयता धरतो तशी रॅकेट धरायची, म्हणजे तिची कड चेंडूकडे जाते आणि तळहाताच्या वळण्याने शेवटच्या क्षणी जाळी समोर येते. फोरहँडच्या पकडीने सर्व्हिस केली तर फेकीतून मिळवलेलं सगळं वाया जातं.

टॉस फेकीतून येत नाही, तो वेगळा शिकावा लागतो. त्यासाठी ओली वाळू उत्तम. वाळूत बेसलाइनची रेघ ओढा, टॉस करा आणि चेंडू न मारता पडू द्या. वाळूवर उमटलेली खूण खरं सांगते. पहिल्या सर्व्हिससाठी ती पुढच्या पावलाच्या किंचित पुढे, कोर्टाच्या आत हवी. हा सराव सकाळी लवकर करावा. दुपारी खारे वारे जोर धरतात आणि चांगला टॉसही भरकटतो.

आमच्या किनाऱ्यासाठी एक खास सूचना. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आणि पिल्लांचा काळ असतो. अंड्यांच्या रक्षणासाठी जाळीचं कुंपण केलेलं असतं. त्याच्या आसपास खेळू नये. रात्री दिवे लावून तर मुळीच नाही, कारण उजेडाने पिल्लांची समुद्राची वाट चुकते.

मोजल्याशिवाय फेकू नका

योग्य फेकसुद्धा अति झाली की घातक ठरते. नीरज चोप्राने 2021 मध्ये टोकियोत 87.58 मीटर भालाफेक करून सुवर्णपदक मिळवलं. त्याआधी 2019 मध्ये त्याच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली होती. मारिया शारापोव्हाच्या उजव्या खांद्यावर 2008 मध्ये शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर तिला सर्व्हिसची पद्धत बदलावी लागली आणि डबल फॉल्टनी तिला फार छळलं. जगातल्या उत्तम प्रशिक्षणात वाढलेल्यांची ही गत असेल, तर आपण किती जपायला हवं?

अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी वयाप्रमाणे फेकींची मर्यादा घालून दिलेली आहे. 9-10 वर्षांच्या मुलाने एका दिवसात सामन्यात जास्तीत जास्त 75 चेंडू टाकायचे, 11-12 वर्षांच्या मुलाने 85, आणि त्यानंतर सक्तीची विश्रांती घ्यायची. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा नाजूक असते, म्हणून हा नियम. आपल्याकडे मुलं सकाळी टेनिस, दुपारी क्रिकेट आणि संध्याकाळी पुन्हा सर्व्हिसचा सराव करतात. त्या खांद्याचा दिवसभराचा हिशेब कुणीच ठेवत नाही. तो पालकांनी ठेवावा.

मुलींबद्दल आग्रहाने सांगतो. आमच्या गावांत मुलांना लहानपणापासून फेकायला मिळतं, मुलींना त्यातून बाजूला ठेवलं जातं. पुढे त्या टेनिस शिकायला येतात तेव्हा ‘मुलींना सर्व्हिस जमत नाही’ असं म्हणून लोक मोकळे होतात. जिथे मुलीही लहानपणापासून फेकतात तिथे हे अंतर बरंच कमी होतं. महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. अशा आणखी मुली घडायच्या असतील, तर सहा-सात वर्षांच्या मुलीच्या हातात रॅकेटच्या आधी चेंडू द्या आणि तिला मनसोक्त फेकू द्या.

प्रौढांसाठी एवढंच सांगतो. सरावाआधी खांदे, कंबर आणि पाय नीट गरम करा. फेकीचा सराव एक दिवसाआड ठेवा. पहिले काही आठवडे निम्म्या जोरानेच फेका आणि कुणाकडून तरी मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करून घ्या, म्हणजे कोपर आणि छाती कुठे आहेत ते स्वतःला दिसेल. स्नायूंचा थकवा दोन दिवसांत जातो. पण सांध्याच्या आत कळ आली, रात्री खांदा ठणकला किंवा हात वर नेताना अडकला, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. ‘चेंडू फेकल्यासारखी सर्व्हिस करा’ हे जरूर सांगा, पण त्याआधी शिष्याला एक चेंडू फेकायला लावा आणि तो कसा फेकतो ते नीट पाहा. ती फेक सदोष असेल, तर सर्व्हिस बाजूला ठेवून आधी ती दुरुस्त करा.