शाखा निवडण्याआधी तिचं रोजचं काम बघा

पेण-रोह्याकडची मुलं खगोलशास्त्राचं विचारायला आली की मी आधी एकच विचारते: दिवसभर काय करत बसायला तुम्हाला आवडतं? समीकरणं सोडवायला, उपकरणं खोलायला, की आकड्यांमधला घोळ शोधायला?

मी रोह्याची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला एका ज्येष्ठांनी सुचवलं, ‘कृष्णविवरं घे, त्यात नाव होतं.’ मग वर्षभर टेन्सरचं गणित. विषय थोरच, याच गणिताच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी विश्वरचनेच्या सिद्धान्तात आयुष्य घातलं. पण माझं मन त्यात रमेना, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत ते लपलं नाही.

पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. रेडिओलहरी ढगांतून आरपार येतात, त्यामुळे भर पावसाळ्यातही वेध घेता येतात. आमच्याकडे तर चार महिने चांदणी दिसायची मारामार. तिथला डेटा हाताळायला मिळाला, तेव्हा पहिलं काम होतं मोबाइल-उपग्रहांच्या संदेशांची भेसळ निवडून काढणं. तासन् तास तेच. कुणाला कंटाळा येईल, मला जेवणाची आठवण राहिली नाही. माझी शाखा तिथे ठरली.

आपल्या रायगड जिल्ह्यातली एक शाखा, भूचुंबकत्वाची, तर मुलांना ठाऊकच नसते, याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावणार, त्याने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी कुलाबा वेधशाळेतलं या नोंदींचं काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून तिथे नोंदी होताहेत. सूर्यावरच्या वादळांचे पृथ्वीच्या चुंबकत्वावरचे धक्के त्या नोंदींत उमटतात. अलिबागची ही वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे, म्हणजे रोह्याच्या गाडीच्या वाटेवरच. २०२३ मध्ये आदित्य-एल१ यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघालं. या विषयाला आता माणसं लागणार आहेत.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच हिंडायला लागा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जा. पायथन शिका, गणित सोडू नका. आणि एखाद्या मार्गदर्शकाकडे नाव घालण्याआधी त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंस?’ उत्तर ऐकताना पुढचा प्रश्न आपणहून सुचला, तर त्या शाखेची चौकशी सुरू करा.