गाळलेल्या जागा : इंग्रजी वाचनपरीक्षेची पूर्वतयारी

‘गाळलेल्या जागा भरा’ ही सूचना प्राथमिक शाळेपासून आपल्या परिचयाची आहे. परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी किंवा परिचारिका म्हणून परदेशात नोंदणी होण्यासाठी ज्या इंग्रजीच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांतही हा प्रश्नप्रकार आढळतो. त्याची तयारी म्हणून पुष्कळ विद्यार्थी कठीण शब्दांच्या याद्या पाठ करतात. याद्या पाठ होतात. परंतु गुण त्या प्रमाणात वाढत नाहीत. याचे कारण असे की, हा प्रश्न मुळात शब्दसंग्रह मोजण्यासाठी निघालेला नसून वाचन मोजण्यासाठी निघालेला आहे. ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली, म्हणजे तयारीची दिशाही बदलते.

प्रश्नाचा उगम

१८९७ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील शाळांतील मुलांना शब्द व अक्षरे गाळलेले उतारे पूर्ण करावयास दिले. शाळेच्या दिवसभराच्या कामाने मुलांची बुद्धी कितपत थकते, हे त्यास पाहावयाचे होते. पुढे १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलर याने हीच युक्ती निराळ्या हेतूने वापरली. एखादा उतारा वाचण्यास किती सोपा वा कठीण आहे, हे ठरविण्यासाठी त्याने त्यातील ठराविक अंतरावरचा शब्द गाळला आणि वाचकांना किती शब्द अचूक भरता येतात, ते मोजले. या रीतीस त्याने ‘क्लोझ’ असे नाव दिले. अपुरे राहिलेले वर्तुळ पाहताना आपले मन ते पूर्ण करून घेते; या पूर्तीच्या कल्पनेवरून ते नाव घडविले आहे.

शब्द गाळूनही अर्थ का लागतो? १९४८ साली क्लॉड शॅनन या गणितज्ञाने असे अनुमान मांडले की, आपण इंग्रजी लिहितो तेव्हा त्यातील सुमारे निम्मा भाग भाषेच्या रचनेनेच ठरून गेलेला असतो. म्हणजे गाळलेल्या शब्दाची माहिती त्याच्या आजूबाजूच्या शब्दांत विखुरलेली असते. ती गोळा करणे हेच वाचकाचे काम होय.

मराठीतील एक प्रयोग

पुढील उतारा वाचून पाहावा.

नांगरणीमुळे माती (१) होते. (२) पावसाचे पाणी वाहून जाण्याऐवजी जमिनीत (३). मात्र जमीन उताराच्या दिशेने नांगरली, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर सुपीक (४) वाहून जाते.

बहुतेक वाचक येथे ‘भुसभुशीत’, ‘त्यामुळे’, ‘मुरते’ आणि ‘माती’ हे शब्द विनासायास भरतील. पहिल्या जागी विशेषण हवे, हे वाक्याच्या रचनेवरून कळते. दुसऱ्या जागेच्या अलीकडे कारण आहे आणि पलीकडे परिणाम आहे. तिसऱ्या जागी ‘शिरते’ हा शब्द व्याकरणाने चालेल. पण पाणी जमिनीत मुरते, असेच आपण म्हणतो. चौथ्या जागेचे उत्तर उताऱ्याच्या आरंभीच येऊन गेले आहे. यांपैकी एकही शब्द कठीण नाही आणि एकही यादीतून आठवावा लागला नाही. तात्पर्य, हे कौशल्य मराठी वाचकाच्या अंगी आधीपासून असते. ते इंग्रजीत वापरावयास शिकणे एवढेच शिल्लक राहते.

इंग्रजीतील चार खुणा

पहिली खूण व्याकरणाची. गाळलेल्या जागेपूर्वी ‘मेनी’ असेल तर पुढे अनेकवचनी नाम येणार. ‘मच’ असेल तर न मोजता येणारे नाम येणार. ‘इन्फर्मेशन’ या शब्दाचे अनेकवचन होत नाही, हे ज्यास ठाऊक आहे तो ‘मेनी’च्या पुढे तो शब्द कधीही घालणार नाही.

दुसरी खूण शब्दांच्या सोबतीची. इंग्रजीत ‘डिसिजन’ हा शब्द ‘मेक’ या क्रियापदाबरोबर नांदतो. पावसास ‘हेवी’ म्हणतात, वाऱ्यास ‘स्ट्राँग’. या बाबतीत मातृभाषा कधी साह्य करते, तर कधी चकविते. आपण एखाद्या विषयाविषयी चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ घालण्याचा मोह होतो. इंग्रजीत तेथे काहीच लागत नाही. आपण एखाद्याशी लग्न करतो, म्हणून ‘मॅरी’नंतर ‘विथ’ येते; तेही चूक होय.

तिसरी खूण विचारांच्या जोडणीची. ‘त्या वर्षी पाऊस उत्तम पडला’ या वाक्यानंतर ‘पीक हाती लागले नाही’ असे वाक्य असेल, तर मधल्या जागी ‘हाऊएव्हर’ येईल, ‘देअरफोर’ येणार नाही. ‘रिझल्ट इन’ याच्या पुढे परिणाम येतो, तर ‘रिझल्ट फ्रॉम’ याच्या पुढे कारण येते. एका लहानशा शब्दाने वाक्याचा अर्थ उलटा होतो.

चौथी खूण संपूर्ण उताऱ्याची. लेखक एकच वस्तू कधी नावाने, कधी सर्वनामाने, तर कधी समानार्थी शब्दाने पुन्हा पुन्हा दाखवितो. म्हणून जागा भरण्यापूर्वी उतारा आरंभापासून शेवटपर्यंत एकदा वाचणे अगत्याचे आहे. पुष्कळदा उत्तर जागेच्या मागे नसून दोन वाक्ये पुढे असते.

परीक्षांमधील भेद

सर्व परीक्षांत हा प्रश्न एकसारखा नसतो. केंब्रिजच्या ‘बी२ फर्स्ट’ या परीक्षेत एका भागात चार पर्यायांतून शब्द निवडावयाचा असतो, तर दुसऱ्या भागात पर्याय न देता एकच शब्द स्वतः लिहावयाचा असतो. ‘आयईएलटीएस’मध्ये उताऱ्याचा सारांश देऊन त्यातील जागा भरावयास सांगतात. तेथे शब्द उताऱ्यातून घ्यावयाचे असल्यास ते जसेच्या तसे घ्यावे लागतात. सूचनेत दिलेल्या शब्दसंख्येची मर्यादा ओलांडली अथवा शुद्धलेखन चुकले, तर गुण जातो. ‘पीटीई ॲकॅडेमिक’मध्ये काही प्रश्नांत जागांपेक्षा अधिक शब्द दिलेले असतात आणि त्यांतून योग्य ते निवडावयाचे असतात. या तिन्ही परीक्षांत अशा प्रश्नातील चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. यास्तव कोणतीही जागा मोकळी सोडू नये.

कोणता शब्द गाळला आहे, यावरही परीक्षेचे स्वरूप अवलंबून असते. चार्ल्स ॲल्डरसन याने १९७९ साली दाखवून दिले की, शब्द गाळण्याचे अंतर बदलले म्हणजे चाचणी काय मोजते, तेही बदलू शकते. म्हणून एकाच प्रकारच्या सरावावर विसंबून राहू नये.

सरावाची रीत

यासाठी महागड्या पुस्तकांची आवश्यकता नाही. ग्रंथालयातील इंग्रजी वृत्तपत्रातून किंवा विज्ञानाच्या सोप्या पुस्तकातून सुमारे १५० शब्दांचा उतारा घ्यावा. पहिले व शेवटचे वाक्य तसेच ठेवून मधल्या भागातील दर सातवा शब्द गाळावा आणि उतारा हाताने उतरून काढावा. दोघांनी मिळून अभ्यास केल्यास एकमेकांचे उतारे सोडवावेत. एकट्याने केल्यास आठवडाभर तो बाजूस ठेवावा. उत्तरे मुळाशी ताडून पाहताना केवळ गुण मोजून थांबू नये. वहीत चार रकाने आखावेत आणि प्रत्येक चूक वरील चारपैकी कोणती खूण न दिसल्यामुळे झाली, ते नोंदवावे. काही आठवड्यांतच एक रकाना इतरांपेक्षा अधिक भरलेला दिसेल. पुढील अभ्यास तेथूनच सुरू करावा. बहुधा तो शब्दांच्या सोबतीचा रकाना असेल. त्यावर उपाय एकच : नवा शब्द एकटा न टिपता, ज्या वाक्यात तो भेटला त्या वाक्यासह टिपावा.

परीक्षेचा दिवस एक असतो. वाचनाचे दिवस पुष्कळ असतात. जो नित्य वाचतो, त्यास गाळलेल्या जागी कोणता शब्द हवा, हे सभोवतालचे शब्दच सांगतात. असे वाचन ज्याने कमावले, त्यास परीक्षेनंतर परक्या देशातील पाठ्यपुस्तक किंवा औषधाविषयीची सूचना वाचतानाही ते उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. वर दिलेल्या मराठी उताऱ्यातील प्रत्येक जागा कोणत्या खुणेने भरली, ते चार खुणांच्या नावांनिशी लिहा.

२. मराठीच्या प्रभावामुळे इंग्रजीत चुकीचे शब्दयोगी वापरले जातात, अशी आणखी तीन उदाहरणे शोधा.

३. एकाच उताऱ्यातील प्रथम दर पाचवा आणि नंतर दर नववा शब्द गाळा. कोणता उतारा सोडविणे कठीण गेले व का, ते सांगा.