आधी इंजिन बंद, मग हात आत

आपल्या वस्तीतील कितीतरी घरांची चूल मोटारसायकलवर पेटते. कोणी डिलिव्हरीचे काम करतो, कोणी पहाटे भाजी आणायला मार्केटला जातो, कोणी कंपनीत पाळीला. गॅरेजचा खर्च वाचावा म्हणून सुट्टीच्या दिवशी दारातच ऑइल बदलणे, चेन साफ करणे चालते. त्यात गैर काही नाही. पण चार पैसे वाचवताना कमावता हात जायबंदी झाला, तर सारे घर बसते. म्हणून या वेळी आपण याविषयी बोलू.

चेन : सर्वांत मोठा धोका

अनेक जण गाडी डबल स्टँडवर घेतात, इंजिन चालू ठेवून गिअर टाकतात आणि फिरत्या चेनला फडके लावतात. काम झटपट होते खरे. पण फडक्याचे टोक दातेरी चक्रात अडकले की त्याच्यासोबत बोटेही आत ओढली जातात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

योग्य पद्धत अशी : इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, गाडी न्यूट्रल करा. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा. हाताने चाक थोडे फिरवा, थांबवा, मग तेवढाच भाग ब्रशने साफ करा. पुन्हा फिरवा, पुन्हा थांबवा. एकाने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने पुसायचे, असे करू नका. अंगठी, कडे, ओढणी, लोंबती बाही नको. लहान मुलांना लांब ठेवा. त्यांना फिरते चाक हात लावावेसे वाटते.

पेट्रोल : दिसत नाही ती आग

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत शेजारच्या शेगडीपर्यंत, मेणबत्तीपर्यंत पोचते आणि तिथून आग उलटी येते. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत; एका दारातली आग चार घरांत शिरते. त्यामुळे पेट्रोलने भाग धुऊ नका. विडी-सिगारेट तर जवळही नको.

नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नका. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणाच्या पोटात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. थेट दवाखान्यात न्या.

धूर आणि काळे ऑइल

बंद खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे. तसे वाटताच मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांकडे जा.

इंजिन थोडे निवल्यावरच ऑइल काढा. वापरलेल्या काळ्या ऑइलमध्ये कर्करोगास कारण ठरणारे घटक असतात. ते वर्षानुवर्षे कातडीला लागू देऊ नका. रबरी हातमोजे घाला. हात पेट्रोलने धुतले तर कातडी कोरडी पडून फुटते. त्याऐवजी हाताला खोबरेल तेल चोळा, पुसा आणि साबणाने धुवा. काळे ऑइल गटारात ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.

इजा झालीच तर

भाजले : लगेच नळाच्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नका.

बोट चिरडले : स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा.

बोट तुटले : तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा; तो भाग थेट बर्फावर ठेवू नका. 108 ला फोन करा आणि लगेच मोठे रुग्णालय गाठा. वेळेत पोचल्यास बोट पुन्हा जोडता येण्याची शक्यता असते.

गंजलेल्या वस्तूने खरचटले तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारा.

हा लेख घरातल्या गाडीवाल्याला वाचून दाखवा. तो चेन पुसायला बसला, की एवढेच विचारा : चावी कुठे आहे? उत्तर ‘खिशात’ असेच आले पाहिजे.