पहिला रोल भरण्यापूर्वी



डिजिटलवर हात बसलेल्या छायाचित्रकाराला फिल्मकडे वळताना प्रकाश मोजण्याची सवयच उलटी करावी लागते, आणि कॅमेरा कोणता घ्यावा या प्रश्नापेक्षा हा मुद्दा कितीतरी महत्त्वाचा आहे. डिजिटल सेन्सरवर उजळ भाग एकदा पांढराफटक पडला की त्यातला तपशील परत मिळत नाही, म्हणून तेथे उजेड सांभाळला जातो. निगेटिव्हवर, म्हणजे उजळ ते काळे आणि काळे ते पारदर्शक उमटवणाऱ्या फिल्मवर, जपावी लागते ती सावली. कारण पुरेसा प्रकाश न मिळालेल्या जागी चांदीच्या क्षारांवर काहीच नोंदले जात नाही व रोल धुतल्यावर ती जागा कोरी निघते, उलट उजळ भाग एक-दोन स्टॉप जास्त झाला तरी निभावतो. स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी.

हे शिकायला गौताळा अभयारण्यातील पितळखोरे लेण्यांइतकी चांगली जागा कन्नड गावच्या विद्यार्थ्याला शोधून सापडणार नाही. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरल्या गेलेल्या या लेण्यांत काळा बेसाल्ट, आतला अंधार आणि दरीतले ऊन एकाच चौकटीत येतात. लाइट मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी धरून चालतो, त्यामुळे काळा खडकही करडा दिसेल इतका प्रकाश तो सुचवतो. ज्या सावलीतले कोरीवकाम दिसायला हवे तिच्यावर मीटर धरला असता एफ/४ ला १/१५ सेकंद आले, तर दोन स्टॉप कमी करून १/६० ठेवावे. म्हणजे सावली काळीच राहते, पण छिन्नीचे घाव दिसतात. जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६४ च्या लेण्यांवरील ग्रंथातील ७४ छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिल यांनी विजेवर चालणारा लाइट मीटर नसताना, नजरेच्या अंदाजावर काढली होती, हे एका रोलच्या ३६ चौकटी अपुऱ्या वाटणाऱ्याने अवश्य ध्यानात घ्यावे.

रंगीत रोल लॅबला द्यावा. कृष्णधवल मात्र घरी धुवावा. डेव्हलपरची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची, वेळ साधारणपणे २० अंश सेल्सिअससाठी दिलेली असते, तर कन्नडमध्ये मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून पुष्कळ गरम असते आणि गरम द्रावणात रोल झपाट्याने काळा पडतो. म्हणून डेव्हलपर, हायपो (चित्र पक्के करणारे द्रावण) व धुण्याचे पाणी या सर्वांच्या बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवून एकाच तापमानाला आणाव्यात. एक द्रावण थंड व दुसरे गरम असल्यास जिलेटिनच्या थरावर जाळी उमटण्याचा धोका असतो.

फिल्म स्वतःहून शटर वा अ‍ॅपर्चरची नोंद ठेवत नाही, तेव्हा ती प्रत्येक चौकटीगणिक वहीत करावी. वाळलेल्या निगेटिव्हवर सावल्या वारंवार कोऱ्या दिसल्या, तर आयएसओ ४०० चा पुढचा रोल मीटरवर २०० लावून काढावा आणि धुण्याची वेळ तूर्त बदलू नये.