सायफन थांबतो कधी?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या चारमजली इमारतीची गच्ची. २०० लिटरचं निळं पिंप उभं चिरून केलेला वाफा, त्यात काळ्या दगडाची खडी, खाली ५०० लिटरची टाकी आणि टाकीत पंधरा कोई मासे. प्रस्तुत लेखकाचा ॲक्वापोनिक्सचा संसार एवढ्यावर सुरू झाला. माशांनी पाण्यात सोडलेल्या अमोनियाचं खडीवर वाढणारे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते पुदिना-पालक शोषून घेतात आणि निवळलेलं पाणी माशांकडे परत जातं. या जिवाणूंना आणि मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून वाफा भरायला हवा, रिकामा व्हायला हवा, पुन्हा भरायला हवा. दिवसरात्र.

हे काम बेल सायफन करतो. वीज नाही, झडप नाही, हलणारा एकही भाग नाही. वाफ्याच्या तळातून वर आलेला उभा पाइप, त्यावर उपडी घातलेली, वरून बंद आणि खालच्या काठाला खाचा असलेली जाड नळी, म्हणजे टोपी, आणि खडी आत येऊ नये म्हणून भोवती भोकं पाडलेली तिसरी नळी, म्हणजे जाळी. पाणी उभ्या पाइपाच्या तोंडाशी पोचलं की आत पडू लागतं, पडताना हवा ओढून नेतं आणि मग सगळा वाफा धो धो रिकामा होतो.

जुन्या घरांतून वासुदेवाचा प्याला ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे तत्त्व ओळखीचं वाटेल. वासुदेवाच्या डोक्यावरच्या बाळकृष्णाच्या पायाला पाणी लागलं की यमुना ओसरावी तसा प्याला तळापर्यंत रिता होतो. ग्रीकांकडे तशाच प्याल्याला पायथागोरसचं नाव आहे. पण प्याल्यात आणि वाफ्यात एक मोठा फरक आहे, आणि लेखकाला तो कळायला चार महिने लागले. प्याल्यात कुणी सतत पाणी ओतत नसतं. वाफ्यात पंप ओततच राहतो. म्हणजे सायफन सुरू होणं हे अर्धंच काम. पाणी येत असतानाही त्याला थांबता आलं पाहिजे.

आधी तो सुरूच होईना. २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, ७५ मिलिमीटरची टोपी, खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलेला पंप. पाणी वर चढलं आणि उभ्या पाइपाच्या काठावरून निवांत ओघळत राहिलं. जेवढं आत तेवढंच बाहेर. शेवटी लेखकाने बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं. १५ लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं, म्हणजे ताशी फक्त ३६० लिटर. खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. चार फूट उंची आणि दोन एल्बो मध्ये आले की तो कुठल्या कुठे जातो. म्हणून सायफनाचं माप ठरवण्याआधी, पंप जागेवर बसवून, बादलीने मोजावं. बाकी सगळी मापं त्यावरून निघतात.

हवाई विद्यापीठातल्या फॉक्स, हॉवर्टन आणि तमारू यांनी २०१० साली परसातल्या ॲक्वापोनिक्ससाठी बेल सायफन कसा बांधावा यावर एक छोटी पुस्तिका काढली. उभ्या पाइपाच्या डोक्यावर रुंद तोंडाचा जोड बसवायची युक्ती तिच्यात आहे. हार्डवेअरच्या दुकानात ४० बाय २५ चा रिड्यूसर मागितला की मिळतो. नरसाळ्यासारख्या त्या तोंडातून पाणी एकदम आत कोसळतं आणि पाइप भरून वाहू लागतो. खाली सुटणाऱ्या टोकाला एक एल्बो लावला की पाणी क्षणभर तिथे अडतं आणि सायफन लवकर पकडतो. टोपीचा सांधा मात्र हवाबंदच हवा. टाचणीएवढं छिद्रही पुरतं आणि मग दिवसभर खटपट करूनही काही होत नाही.

एवढं जमलं असतानाच घाई नडली. पाणी आणखी जोरात यावं म्हणून लेखकाने मोठा पंप आणला. सायफन झटक्यात सुरू झाला आणि थांबलाच नाही. तळाशी दोन बोटं पाणी, गुळगुळ आवाज आणि वरची खडी कोरडी. सायफन शेवटी शेवटी जेवढं ओढत होता तेवढंच पंप आणून देत होता, त्यामुळे टोपीखाली हवा शिरायला फटच मिळेना. मे महिन्याच्या उन्हात पालक दोन दिवसांत माना टाकून बसला. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. पंपाच्या पाइपाला टी लावून, बॉल व्हॉल्व्हने थोडं पाणी परत माशांच्या टाकीत सोडावं. त्याने वाफ्याचा ओघ हवा तसा कमी करता येतो आणि टाकीत पडणाऱ्या धारेने माशांना प्राणवायूही मिळतो. दुसरं म्हणजे टोपीच्या माथ्यातून एक बारीक नळी बाहेर काढून तिचं तोंड टोपीच्या खाचांच्या उंचीला ठेवावं. पाणी तिथवर उतरलं की नळी हवा ओढते आणि सायफन तुटतो.

तिसरी चूक सर्वांत महागात पडली. पुदिन्याची मुळं जाळीच्या भोकांतून आत शिरली आणि सायफनाच्या खाचा बुजल्या. एका रात्री वाफा काठावरून वाहू लागला. पंप टाकीच्या अगदी तळाशी ठेवलेला, त्यामुळे तो पहाटेपर्यंत टाकी उपसत राहिला. सकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. “अहो, स्वयंपाकघराच्या छतातून पाणी ठिबकतंय, वर काही फुटलंय का बघा.” पंधरापैकी अकरा मासे गेले होते. ते दृश्य लेखकाच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

तेव्हापासून लेखक कुणालाही आधी एकच विचारतो: सायफन बुजला किंवा वीज गेली, तर पाणी कुठे जाईल? याचं उत्तर कागदावर काढून होईपर्यंत टाकीत मासा सोडू नये. वाफ्याच्या काठाखाली दोन इंचांवर दुसरा, सायफनाहून जाड, साधा पाइप असावा आणि तो थेट टाकीत सुटावा. पंप विटांवर चढवून टाकीच्या निम्म्या उंचीवर ठेवावा, म्हणजे काहीही बिघडलं तरी माशांना अर्धी टाकी उरते. पंपाच्या पाइपाचं वरचं टोक खडीत बुडवू नये. वीज गेली की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि वाफ्यातलं पाणी नको त्या वेळी खाली ओढतो. असं सगळं बांधून झाल्यावर निदान आठवडाभर नुसत्या पाण्यावर चालवावं, मधूनमधून मुद्दाम पंप बंद करून, सायफनात चिंधी कोंबून पाहावं.

वजनाचं आधी सांगायला हवं होतं, कारण काकूंच्या छताच्या निमित्ताने बोलावलेल्या इंजिनिअरने पहिला प्रश्न तोच विचारला. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल वाफ्यात खडी आणि पाणी मिळून साडेपाचशे किलोच्या आसपास भरतात. नौपाड्यातल्या कितीतरी इमारती पुनर्विकासाची वाट पाहत उभ्या आहेत, त्यांच्या गच्च्यांवर असा बोजा अंदाजाने टाकणं धोक्याचं आहे. तुळया कुठून गेल्या आहेत हे इंजिनिअरकडून समजून घ्यावं, सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. खडीऐवजी भाजलेल्या मातीचे हलके गोळे महाग पडतात, पण जुन्या गच्चीवर तेच बरे.

ज्यांना सायफनाशी झुंजायला वेळ नाही त्यांनी टायमर लावावा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली काढलेल्या छोट्या ॲक्वापोनिक्सच्या मार्गदर्शिकेत तोही मार्ग सांगितला आहे. पंप ठरावीक वेळ चालतो, मग बंद, आणि पाणी उभ्या पाइपाच्या बुडाशी पाडलेल्या लहान छिद्रातून ओसरतं. पंप बंद असताना माशांना हवा देणारं वेगळं यंत्र मात्र हवंच.

पावसाळ्यात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ठाण्यात नवलाचा नाही. एवढ्या पावसात एक चौरस मीटरच्या उघड्या वाफ्यात १०० लिटर जादा पाणी येतं. सायफन ते इमानाने टाकीत सोडतो आणि टाकी उतू जाते. म्हणून टाकीलाही जाळी लावलेला सांडवा हवा. लेखक जूनआधी वाफ्यावर ताडपत्री ताणतो आणि दर पंधरा दिवसांनी टोपी काढून मुळं छाटतो. वाफा आता साधारण आठ मिनिटांत भरतो, दोन मिनिटांत उतरतो. पुदिना सायफनापासून लांबच्या टोकाला गेला आहे आणि सायफनाभोवतीच्या वीतभर जागेत फक्त खडी आहे.