मुलांची दृष्टी आणि गावाची जबाबदारी

लहान मुलाच्या दृष्टिदोषाची तक्रार मूल स्वतः सहसा करीत नाही. पहिल्यापासून अंधुकच दिसत असेल, तर स्पष्ट दिसणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. फळ्यावरील अक्षरे चुकवणारा विद्यार्थी मग ‘मठ्ठ’ ठरतो. पुस्तक नाकाशी धरणे, डोळे बारीक करून पाहणे, मान तिरपी ठेवणे ही लक्षणे शिक्षकांनी व पालकांनी वेळीच ओळखणे म्हणूनच अगत्याचे आहे.

यवतमाळ-अमरावती मार्गावरील नेर हा कापूस, सोयाबीन व तुरीचा तालुका होय. येथील शेतमजूर कुटुंबाला मुलाचे डोळे तपासण्यासाठी यवतमाळ गाठावयाचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते. वेचणीच्या हंगामात ही अडचण अधिकच जाणवते. तपासणी मुलापर्यंत पोहोचली पाहिजे, ती याचकरिता.

वेळेचे महत्त्व

एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा डोळा तिरळा असला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. साधारणतः सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास दृष्टी सुधारण्याची शक्यता पुष्कळ असते. पुढे ती कमी होत जाते. जन्मजात मोतीबिंदूत तर आठवड्यांचा विलंबही महाग पडतो. बालकाच्या बुबुळात पांढरी झाक दिसताच त्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

उपलब्ध व्यवस्था

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. शालेय मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे हे त्याचे एक अंग आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. या कार्यक्रमानुसार फिरत्या आरोग्य पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करावयाची असते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून कार्यरत आहे.

शिक्षकांनी करावयाची चाचणी

पथक येण्यापूर्वी शिक्षकांनी प्राथमिक चाचणी घेतल्यास काम सुकर होते. दृष्टितक्ता चांगल्या उजेडात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर मुलाला उभे करावे. एक डोळा तळहाताने, दाब न देता, झाकून दुसऱ्याने वाचावयास सांगावे. नंतर दुसरा डोळा तपासावा. निरोगी डोळ्यास नऊ मीटरवरून दिसणारी ओळ सहा मीटरवरून वाचता येते, त्या दृष्टीस ६/९ म्हणतात. ही ओळ कोणत्याही एका डोळ्याने न वाचणाऱ्या मुलास नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे पाठवावे. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या ‘ई’ चिन्हाचा तक्ता वापरावा. दोन्ही डोळे एकदम तपासू नयेत. चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो.

तपासणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची यादी वेगळी ठेवणे तितकेच आवश्यक आहे. पालकांबरोबर कामासाठी बाहेरगावी गेलेली मुले याच यादीत सापडतात.

चष्म्याविषयी गैरसमज

चष्मा मिळाला की काम संपत नाही. चष्म्याने नंबर वाढतो, हा समज चुकीचा आहे. लग्नात अडचण येईल म्हणून मुलीचा चष्मा पेटीत ठेवला जातो. तिचे शिक्षण मात्र त्यामुळे अडते. चष्मा वापरला जातो की नाही, हे वर्गशिक्षकांनी महिन्याभराने पाहावे. मुलांनी रोज काही वेळ उघड्या मैदानावर खेळणे लघुदृष्टी टाळण्यास साहाय्यकारी ठरते.

आहार व इजा

रातांधळेपणा टाळण्यासाठी बालकास नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व ‘अ’च्या नऊ मात्रा द्यावयाच्या असतात. शेवगा, पालक, पपई, आंबा यांचा आहारात समावेश असावा. खर्ऱ्यासाठी घरात ठेवलेली चुन्याची पुडी वा डबी मुलाच्या हाती पडल्यास धोका मोठा आहे. चुना डोळ्यात गेल्यास तत्क्षणी स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे डोळा धुवावा व लगेच रुग्णालय गाठावे. तूप, मध वा झाडपाला घालू नये. पराटीच्या काडीने झालेली जखमही अंगावर काढू नये.

ग्रामपंचायतीचा वाटा

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य हा पंचायतींचा विषय आहे. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने पथकाची तारीख आधी जाहीर करावी, संदर्भित मुलांची नोंदवही ठेवावी आणि त्यांना एकत्र रुग्णालयात नेण्यासाठी वाहनाची सोय पाहावी. किती मुले तपासली, यापेक्षा पाठविलेल्यांपैकी किती मुलांवर उपचार पूर्ण झाले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जावा. त्या उत्तरावरच गावातील मुलांचे डोळे अवलंबून आहेत.